दुसऱ्या सिलिंडरमधली हवा

पाण्याखाली काय दिसतं, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एसटीत विचारलाय, दाढीला बसल्यावर गालाला वस्तरा लावूनही विचारलाय. खरं उत्तर असं की काहीच दिसत नाही. टीव्हीवर दाखवतात ते निळं पाणी आणि रंगीत मासे समुद्रातले. मी उतरलो ते भीमेत, घोडनदीत, बंधाऱ्यांच्या फुगवट्यात आणि विहिरींत. तिथं दहा फुटांच्या खाली स्वतःचा हात तोंडावरच्या काचेला टेकवला तरी दिसत नाही. सगळं काम चाचपून करायचं.

दिसत नाही त्याचं एवढं काही नाही, सवय होते. पण वर कुठं आणि खाली कुठं, हेही कळेनासं होतं. अंगाला वजन नसतं, कानांत गच्च दडा बसलेला असतो, आणि आपण सरळ उभे आहोत असं वाटत असताना डोकं खाली असतं. अशा वेळी तोंडातून बुडबुडे सोडायचे आणि ते गालावरून कुठल्या बाजूला सरकतात ते बघायचं. ती बाजू वर. नव्या माणसाला मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. आणि हेही सांगतो की कधी तरी तुला वाटेल, हे बुडबुडे चुकलेत. मला कितीदा तरी वाटलंय.

मी रज्जाक शेख, शिरूरचा. तरुणपणी मुंबईच्या बंदरात एका ठेकेदाराकडं पाणबुड्याचं काम शिकलो, जहाजांची बुडं घासली, आणि वडील थकल्यावर गावी आलो. गावी पाणबुड्याला काय काम, असं सगळ्यांना वाटलं. पण आमच्या दोन तालुक्यांत नदीकाठानं पाण्याच्या इतक्या मोटारी आहेत, की काम मला शोधत आलं. फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाईपच्या तोंडाशी पाण्यात असतो तो झडपेचा भाग. आमच्याकडं त्याला सर्रास फुटबॉल म्हणतात. त्याच्या जाळीत जलपर्णीची मुळं आणि पुण्याहून वाहत आलेलं प्लास्टिक अडकतं, पाणी खेचणं बंद होतं, मग फोन येतो. "भाई, फुटबॉल अडकलाय." मुंबईचे जुने दोस्त विचारायचे, काय करतोस गावी? मी सांगायचो, फुटबॉल काढतो.

या धंद्यात लोकांना भीती वाटते ती बुडण्याची. पाणबुडा मात्र बुडून क्वचित मरतो. तो मरतो त्याची कारणं साधी असतात आणि बहुतेक वेळा काठावर तयार झालेली असतात.

घोडनदीच्या काठावर एका वस्तीवर मी उतरलो होतो. मालक म्हणाले, "मोटार बंद हाय, बिनघोर जा." मी जाळीत हात घातला आणि पाईपनं एकदम पाणी ओढायला सुरुवात केली. माझा हातमोजा आत गेला, बोटं जायची राहिली. वर येऊन मी मालकांवर ओरडलो. ते शपथेवर सांगत होते की मोटारीला कुणी हात लावला नाही, आणि ते खरं होतं. मोटारीला मोबाईल स्टार्टर होता. त्यांचा भाऊ पुण्यात हापिसात बसलेला, त्याच्या मोबाईलवर लाईट आल्याचा मेसेज गेला आणि त्यानं सवयीनं बटण दाबलं. त्याला बिचाऱ्याला मी पाण्यात आहे हे ठाऊकच नव्हतं. त्या दिवसापासून फ्यूज काढून माझ्या कमरेच्या पिशवीत आल्याशिवाय मी पाण्यात पाय घालत नाही. कुणाचा शब्द, कुणाची शपथ चालत नाही. फ्यूज पाहिजे.

दुसरी गोष्ट श्वासाची. पाण्याखाली श्वास कधी कोंडायचा नाही. खाली घेतलेली हवा दाबाखालची असते, वर येताना ती फुगते. तोंड बंद ठेवून भरकन वर आलात तर फुप्फुस फाटतं, अगदी पंधरा फुटांवरूनसुद्धा. म्हणून श्वास चालू ठेवून, आपल्या बारक्या बुडबुड्यांच्या मागं राहून सावकाश वर यायचं. पट्टीच्या पोहणाऱ्याची सवय नेमकी उलटी असते, म्हणून त्याला शिकवणं सगळ्यात अवघड.

आणि तिसरी गोष्ट दोरी. समुद्रात दोघं जोडीनं उतरतात, एकमेकांवर नजर ठेवतात. आमच्या काळ्या पाण्यात नजर कसली ठेवणार? तिथं जोडीदार म्हणजे कमरेची दोरी आणि ती काठावर धरणारा माणूस. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे मी वर येतोय. चार म्हणजे मला ओढ. काठावरच्यानं दर थोड्या वेळानं एक झटका द्यायचा, खालच्यानं एक झटका परत द्यायचा.

माझी दोरी धरायचे दत्तोबा. मी त्यांना आप्पा म्हणतो. कवठे येमाईचे बागायतदार, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांच्या विहिरीवर मी कामाला गेलो तेव्हा दोरीला माणूस नव्हता म्हणून त्यांनी धरली, ती पुढं वीस वर्षं सोडली नाही. घरचं सगळं भरलेलं असताना हे माझ्याबरोबर पिकअपमध्ये बसून नदीनदी हिंडायचे. आप्पांना पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यात गेले तरी धोतर सावरत परत फिरतात. लोक हसायचे. एकदा चिडून म्हणाले, "ज्याला पवता येतं त्याला वाटतं, यील की वर. मला तसं कवाच वाटत न्हाई. म्हणून दोरी धरायला माझ्यावानी माणूस पायजे."

तिसरा आमच्यातला विलास, कासुर्डीचा. तेव्हा पस्तिशीचा होता. आधी एका पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता. माझ्याकडं पाच वर्षं होता, मला मामा म्हणायचा आणि काम उत्तम करायचा. मी खाली असताना तो पूर्ण तयारीत काठावर बसायचा. माझं काही बिघडलं तर त्यानं उतरायचं. आमच्या कामात असा माणूस लागतोच. पण पाच वर्षं दुसऱ्याच्या बिघडण्याची वाट बघत बसणं सोपं नसतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. जितकं सरळ लिहिता येईल तितकं लिहितो, कारण त्यातलं काय मला आठवतं आणि काय नंतर ऐकून आठवायला लागलं, हे माझं मलाच नीट उमगलेलं नाही.

उन्हाळ्याचे दिवस. वडगाव रासाईच्या बाजूला शेतकऱ्यांच्या एका सामाईक उपसा योजनेचं पाणी बंद पडलं होतं. नदीकाठी गोल जॅकवेल, म्हणजे काँक्रीटची विहीर. तिच्या बुडाला नदीच्या बाजूनं खिडकी आणि खिडकीला लोखंडी जाळी. नदीचं पाणी त्या जाळीतून आत येतं आणि तिथून तीन मोटारी ते उचलतात. जाळी गच्च बंद झाली होती. पाणी तीस फूट खोल.

सकाळी शिरूरला माझ्या शेडमध्ये मी दोन सिलिंडर भरायला घेतले. लोकांना वाटतं सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो. तसं नाही. त्यात तुमची-आमची साधी हवाच असते, फक्त कॉम्प्रेसरनं दाबून भरलेली. म्हणजे कॉम्प्रेसर ज्या जागेची हवा ओढेल तीच हवा पाणबुड्याच्या छातीत जाणार. माझा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, आणि त्याची हवा ओढायची नळी मागच्या खिडकीतून बाहेर काढलेली होती. बाहेर मोकळं रान. चांगली जागा, असं मीच ठरवलं होतं.

पहिला सिलिंडर निम्म्याच्या वर भरला असेल, तेवढ्यात एक गृहस्थ आले. त्यांचा मोबाईल विहिरीत पडला होता. नव्या मोटारीचा फोटो काढताना हातातून सुटला.

"आजच्या आज चला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आज दुसरं काम आहे. आणि पाण्यात गेलेला फोन आता काय कामाचा?"

"अवो, रिंग जातीय अजून! म्हंजी जित्ता हाय. रिंग वाजतीय तवर उतरा."

त्यांनी तिथंच दुसऱ्या फोनवरून नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला. खरंच रिंग जात होती. मी हसलो. मग त्यांनी विहिरीची सगळी हकीकत सांगितली, ती कुणी खोदली, पाणी किती परसांवर लागलं. वीस मिनिटं तरी गेली. तेवढ्यात पहिला सिलिंडर भरला, मी नळी दुसऱ्याला लावली आणि पुन्हा त्यांच्याशी बोलत बसलो.

त्यांची जुनी पेट्रोलची व्हॅन होती. बंद केली की परत चालू होत नाही म्हणून त्यांनी ती चालूच ठेवली होती. सावली बघून मागच्या बाजूला लावली होती. खिडकीखाली. इंजिनाची घरघर माझ्या कानावर येत होती. येत होती हे मला नक्की आठवतं. मी उठून मागं गेलो नाही, हेही आठवतं. का गेलो नाही, ते मात्र कितीही आठवलं तरी सापडत नाही.

दहाच्या सुमाराला आम्ही जॅकवेलवर पोचलो. योजनेचे चेअरमन तिथं आधीच येऊन बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. ऊस वाळायला लागल्यामुळं ते बेचैन होते. दर दोन मिनिटांनी त्यांना कुणाचा तरी फोन यायचा आणि ते सांगायचे, "आलेत, पाणबुडे आलेत, व्हतंय आता." मी तिन्ही मोटारींचे फ्यूज काढून घेतले, पिशवीत टाकले, पहिला सिलिंडर पाठीवर चढवला आणि तोंडात नळी धरून दोन श्वास घेतले. हवेला किंचित जळका वास होता. नळीच्या रबराचा असेल, असं मला वाटलं. नवं रबर वास मारतंच.

मी उतरलो. पहिला काही वेळ चोख गेला. जलपर्णीची मुळं विळ्यानं कापायची, ओढायची, बाजूला सोडायची. मग डोकं दुखायला लागलं. मग दुखायचं थांबलं आणि छान वाटायला लागलं. विळा हातातून सुटला, त्याचं काहीच वाटलं नाही. आपण इथं कशाला आलोय, असा एक विचार येऊन गेला आणि त्याचीही मला गंमत वाटली.

पुढचं आप्पांनी सांगितलेलं. त्यांनी दोरीला एक झटका दिला. परत एक यायला हवा होता. आले सात. आप्पा गोंधळले, कारण सात म्हणजे काय ते आमच्यात ठरलेलंच नव्हतं. त्यांनी पुन्हा एक दिला. खालून दोन आले, मग एक, मग पाच. आप्पा विलासला म्हणाले, "ह्यो काय मोजतोय खाली?" आणि थांबले नाहीत. ओढायला लागले. सावकाश, हात बदलत, मी शिकवलं होतं तसं. मी वर आलो.

वर आल्यावर मी कसा होतो? मला वाटत होतं, मी एकदम ठीक आहे. मी काठावरच्या पायरीवर बसलो, नळी काढली आणि आप्पांवर रागावलो, की निम्मी जाळी राहिली असताना मला का ओढलं. हे मला आठवतं. आबा विचारत होते, "झालं का? मोटर लावू का?" तेही आठवतं. विलास माझ्यासमोर उभा होता. त्याच्या पाठीवर दुसरा सिलिंडर होता. तो म्हणाला, "मामा, मी उरकून येऊ का राहिलेलं?"

इथं माझी आठवण तुटते. पुढचं मला दिसतं ते असं, की विलास पाण्यात गेलेला आहे आणि माझ्या हातात तीन फ्यूज आहेत आणि मी ते पुन्हा पुन्हा मोजतोय. कधी दोन भरतात, कधी चार.

विलासच्या दोरीला दिलेल्या झटक्याचं उत्तर काही मिनिटांतच येईनासं झालं. आप्पांनी दोनदा झटका दिला आणि सरळ ओढायला घेतलं. या वेळी दोरी जड लागत होती. आबा धावले, दोघांनी मिळून त्याला वर घेतलं. तोंडातली नळी सुटलेली होती, ओठ लालबुंद, आणि श्वास नव्हता. गावोगावच्या शिबिरांतून मी लोकांना छाती कशी दाबायची, तोंडानं हवा कशी द्यायची हे शिकवत आलो होतो. त्या वेळी मी पायरीवर बसून बघत होतो. समोर काय चाललंय ते मला दिसत होतं, पण त्यात आपण काही करायचं असतं, हे सुचत नव्हतं. आप्पांनी केलं. माझ्या शिबिरांत मागं सतरंजीवर बसून त्यांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं, की हात आपोआप चालले. विलासनं पाणी ओकलं आणि श्वास घेतला, तेव्हा आप्पा म्हणे मोठ्यानं मोजतच राहिले होते, थांबायचं त्यांना कळलंच नाही.

जवळच्या दवाखान्यात नेलं. मीही त्याच गाडीत होतो. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहानच. त्यांनी विलासच्या बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारं. यंत्र म्हणालं, अठ्ठ्याण्णव. उत्तम. मात्र विलास डोळे उघडत नव्हता. बाई एकदा यंत्राकडं बघत होत्या, एकदा त्याच्या ओठांकडं. मग त्यांनी विचारलं, "हे सिलिंडर भरले तिथं काही जळत होतं का? चूल, जनरेटर, गाडी?"

मी म्हटलं, "नाही."

मी खोटं बोललो नाही. मला खरंच आठवत नव्हतं. मग बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही काय हातात धरलंय?" मी म्हटलं, "फ्यूज." त्या म्हणाल्या, "कशाचे?" आणि मला सांगता येईना.

त्यांनी आम्हा दोघांनाही मोठ्या मास्कनं ऑक्सिजन लावला, रक्त काढून घेतलं आणि लगेच पुण्याला पाठवलं. गाडीच्या धुरात एक वायू असतो. त्याला स्वतःचा वास नसतो, रंग नसतो; मला जळका वास आला तो बाकीच्या धुराचा. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि ते बोटाचं यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं. म्हणून आकडा उत्तम आणि माणूस बेशुद्ध. पाण्याखाली दाब जास्त, म्हणून तो वायू जास्तच भिनतो. माझ्या सिलिंडरमध्ये शेवटची थोडी हवा तसली होती. दुसरा सिलिंडर सगळाच तसल्या हवेत भरलेला. व्हॅन मला आठवली ती दुसऱ्या दिवशी, ऑक्सिजन घेत पडलेलो असताना. एकदम, घरघरीसकट.

मी दोन दिवसांत घरी आलो. विलासला पुण्यात दाबाच्या टाकीत ठेवून ऑक्सिजन द्यावा लागला. तो वाचला. पण चार-पाच महिने त्याचे हात कापत होते, आणि विसरभोळेपणा कायमचा राहिला. पाण्यात तो परत उतरला नाही. आता घरच्या रानात उसाच्या रोपांची नर्सरी चालवतो. प्रत्येक ट्रेला चिठ्ठी लावलेली असते, कुठलं वाण, कुणाचं, कधी लावलं. चिठ्ठीशिवाय त्याच्या लक्षात राहत नाही.

मोबाईलवाल्या गृहस्थांना मी हे आजतागायत सांगितलेलं नाही. त्यांना काय सांगणार? नळी माझी, खिडकी माझी, कान माझे.

विलासची बायको सुनीता मला पुण्याच्या दवाखान्यात भेटली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं एकच विचारलं. "तुम्ही आदी त्याच कामाला जाऊन आला व्हता ना, मामा? मग तुम्हाला बरं न्हाई, हे तुमच्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

मी तिला त्या वायूचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण ते उत्तर नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. आपल्याला बरं नाही हे ज्यानं कळायचं, तेच त्या हवेनं आधी खाल्लं होतं. हे मला समजतं, पण पटत नाही. चाळीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला एवढं कळू नये?

त्यानंतर मी नळी शेडच्या वर वीस फूट पाईपवर नेली. कॉम्प्रेसर चालू असताना तिथून हलायचं नाही, आवारात गाडी आणू द्यायची नाही, हा नियम केला. तो वायू मोजायचं छोटं यंत्र आणलं. भरलेला प्रत्येक सिलिंडर त्यानं तपासायचा. हवेला कसलाही वास आला तर सिलिंडर रिकामा करायचा, कारण शोधत बसायचं नाही. एका माणसाला खाली त्रास झाला, तर दुसऱ्यानं त्याच हवेवर उतरायचं नाही, पाण्याविना ऊस वाळू दे नाहीतर जळू दे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचा शब्द पाणबुड्याचा नाही, दोरीवाल्याचा. वर आलेल्या माणसाला आप्पा प्रश्न विचारायचे. "भाई, आज बाजार कुठल्या गावचा?" मग "काल जेवायला काय व्हतं?" उत्तराला अडखळलो की ते दोरी गुंडाळायला लागायचे. एकदा मला नुसतंच आठवलं नव्हतं, शुद्धीवर होतो, तरी त्यांनी काम बंद केलं. मी चिडलो. आप्पा म्हणाले, "चिडा. घरी जाऊन चिडा."

पण एक गोष्ट मी त्यांना कधी विचारली नव्हती. पायरीवर बसून विलासला मी काय म्हटलं होतं? बरा झाल्यावर विलास सगळ्यांना सांगायचा, "मामा मला नको म्हणले व्हते, मीच गेलो." मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. कारण मला आतून वाटायचं की मी 'जा' म्हटलं. पण ते आठवत होतं की भीतीनं तसं वाटत होतं, ते कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी शेवटपर्यंत चांगली हवा घेत होते ते आप्पा आणि आबा. आबा वारले. राहिले आप्पा. आणि मी विचारत नव्हतो, कारण ते खरं सांगतील याची मला खात्री होती.

या वर्षी मी पाण्यात उतरणं थांबवलं. कानांना आता पाण्याचा दाब सोसत नाही. थांबल्यावर एक दिवस आप्पांच्या रानात बसलो असताना विचारलं. ते कांद्याची पात निवडत होते, हात थांबला नाही.

"तुम्ही दोनी म्हणला," ते म्हणाले.

"दोन्ही म्हणजे?"

"आदी जा म्हणला. मग तो उतराय लागला तवा नको म्हणला. मग हसला."

आप्पांनी पात खाली ठेवली. "म्या तुमच्या तोंडाकडं बघत व्हतो, भाई. कंचं खरं धरावं मला कळंना. आबा मागनं म्हणत व्हते, जाऊ द्या, जाऊ द्या. मग म्या पहिलं खरं धरलं. सात झटके कुणी दिलते ते ठावं असून. दोरी माझ्याच हातात व्हती, म्या आवळली असती तर तो जाग्यावर थांबला असता."

एवढी वर्षं आप्पा हे मनात घेऊन माझ्या शेजारी गाडीत बसत होते.

आठवड्यानं आम्ही दोघं कासुर्डीला गेलो. सुनीतानं खुर्च्या टाकल्या. विलास ट्रेमध्ये माती भरत होता. आप्पांनी मला सांगितलं तेच त्यालाही सांगितलं, कमी-जास्त न करता. विलासनं हात झटकले आणि ट्रेवरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचायला लागला. मला वाटलं, त्याला धागा सापडत नसावा.

मग म्हणाला, "मला दोनी ऐकू आलं व्हतं, मामा. बाकीचं लई इसारलो, पर ते न्हाई. नको म्हणला तवा पाणी गळ्यापतुर आलं व्हतं. फिरता आलं असतं. पाच वर्सं काठावर बसलो व्हतो. म्हणलं, एवढं मोठं काम एकदा आपल्या हातनं व्हऊ दे." पुढं तो म्हणाला, "म्हणून मी लोकास्नी नको तेवढंच सांगतो. ते माझं हाय."

सुनीता दारात उभी राहून ऐकत होती.

मी त्यांना सांगितलं की एका दिवाळी अंकवाल्यांनी मला धंद्यातले अनुभव लिहायला सांगितलेत, आणि हे लिहावं की नाही ते मला कळत नाहीय. लिहिलं तर कुणाची चूक म्हणून लिहू?

"लिवा," विलास म्हणाला. "तुम्ही नको म्हणला ते लिवा."

"आणि जा म्हटलं ते?"

"ते बी लिवा."

आप्पा खुर्चीवरून उठले, टोपी नीट केली आणि विलासच्या ट्रेमधली एक पडलेली चिठ्ठी उचलून परत खोचली.

"आन् म्या गप बसलो," ते म्हणाले, "ते गाळू नका."